प्रबळ स्थानाचा गैरवापर (सॉफ्टवेअर उद्योग)

प्रबळ स्थानाचा गैरवापर ही स्पर्धाविषयक कायद्यातील संकल्पना आहे. स्पर्धकांची फारशी तमा न बाळगता बाजारपेठेत व्यवहार करू शकणाऱ्या उद्योगसंस्थेने आपल्या बळावर इतरांचा मार्ग रोखला किंवा अन्याय्य अटी लादल्या, तर तो असा गैरवापर ठरतो. भारतात स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ४ अन्वये त्यास मनाई आहे. बाजारपेठ जिंकणे हा मात्र या कायद्यानुसार दोष नाही. दोष वर्तनाचा पाहिला जातो.

== पार्श्वभूमी ==
मक्तेदारी व प्रतिबंधक व्यापारी प्रथा अधिनियम, १९६९ मध्ये उद्योगांच्या आकाराकडेच संशयाने पाहिले जात असे. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर हा दृष्टिकोन बदलला. १९९९ मध्ये नेमलेल्या राघवन समितीच्या अहवालानंतर नवा कायदा आला. प्रबळ स्थानाविषयीच्या तरतुदी २० मे २००९ पासून अमलात आल्या.

== सॉफ्टवेअरचे वेगळेपण ==
सॉफ्टवेअरची पहिली प्रत तयार करण्यास मोठा खर्च येतो, पुढील प्रतींना जवळजवळ काहीच येत नाही. शिवाय वापरणारे वाढतील तशी त्याची उपयुक्तता वाढते. नातेवाईक ज्या संदेशसेवेवर आहेत तीच आपणही घेतो; कचेरीत ज्या स्वरूपातील दस्तऐवज चालतात त्याच स्वरूपात आपणही लिहितो. त्यामुळे आरंभी गुणवत्तेने मिळालेले यश पुढे केवळ सोडून जाणे अवघड असल्यामुळेही टिकू शकते. यशाचे श्रेय आणि वर्तनाचा दोष वेगळा करणे या क्षेत्रात कठीण जाते, ते यामुळेच.

अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट खटल्यात अपील न्यायालयाने २००१ मध्ये हाच भेद केला. संगणक कार्यप्रणालीतील मक्तेदारी हा स्वतःहून गुन्हा ठरला नाही. ती टिकवण्यासाठी प्रतिस्पर्धी ब्राउझरची वाट अडवणे बेकायदेशीर ठरले.

== मुंबईतील प्रकरण ==
महाराष्ट्रातील महत्त्वाचे उदाहरण मुंबईतील दोन शेअर बाजारांचे आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराने (एनएसई) ऑगस्ट २००८ मध्ये चलन वायद्यांचे व्यवहार सुरू केले आणि त्यांवर व्यवहारशुल्क आकारले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या क्षेत्रात उतरलेल्या एमसीएक्स-एसएक्सने २००९ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. अन्य विभागांतील उत्पन्नावर एनएसई हा तोटा सोसू शकते, आपल्याला ते शक्य नाही, असा तिचा मुद्दा होता.

तक्रारीचा दुसरा भाग सॉफ्टवेअरचा होता. दलाल वापरत असलेली ‘ओडिन’ ही प्रणाली एमसीएक्स-एसएक्सच्या प्रवर्तक कंपनीची होती. एका पडद्यावर अनेक बाजारांत व्यवहार करण्याची सोय तिच्यात होती. एनएसईने आपल्या चलन विभागाशी ती जोडण्यासाठी लागणारी तांत्रिक माहिती नाकारली आणि दलालांना स्वतःची ‘नाऊ’ ही प्रणाली देऊ केली.

जून २०११ मध्ये आयोगाने बहुमताने एनएसईला दोषी ठरवून ५५.५ कोटी रुपयांचा दंड केला. स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये हा निर्णय कायम ठेवला. एनएसईची लोकप्रियता हा आक्षेपाचा विषय नव्हता. एका विभागातील बळ दुसऱ्या विभागात वापरणे, हा होता.

== अँड्रॉइड प्रकरण ==
२० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. प्ले स्टोअर हवे असल्यास भ्रमणध्वनी उत्पादकांनी गूगलची इतर अॅपही आधीच बसवावीत, ही अट गैर ठरली. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे काही निर्देश रद्द केले.

== मतभेद ==
कंपन्यांची बाजू मांडणाऱ्यांच्या मते ग्राहक स्वेच्छेने निवड करतो, सेवा बहुधा विनामूल्य असते आणि यशाला शिक्षा झाल्यास नवनिर्मितीची उमेद खचते. टीकाकारांच्या मते पर्यायच दिसू न दिल्यास निवड स्वेच्छेची राहत नाही, आणि विनामूल्य सेवेची किंमत वैयक्तिक माहितीच्या रूपाने मोजली जाते. निकाल लागेपर्यंत लहान स्पर्धक टिकत नाही, हाही आक्षेप आहे. या कारणास्तव मोठ्या डिजिटल कंपन्यांवर आधीच काही बंधने घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या समितीच्या अहवालासोबत मांडण्यात आला.