संचयिताची पेढी

वडिलांच्या ट्रंकेत एका बुडालेल्या फंडाच्या पावत्या आहेत. त्या पाहिल्या की मला कलकत्त्याची ‘संचयिता’ आठवते. १९७५ साली अवघ्या ७,००० रुपये भांडवलावर निघालेली ही भागीदारी पेढी. कागदावर व्याज १२ टक्के, हातात मात्र ४८! एवढे व्याज कोणत्या धंद्यातून निघते, हे विचारायला कुणाला सवड होती?

१९७८ च्या चिट-योजनाबंदी कायद्याखाली बंगाल सरकारने १९८० मध्ये छापा घातला. पण १९८२ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांच्या खंडपीठाने फिर्यादच रद्द केली. सोडत नाही, सभासदांची साखळी नाही. नुसती कर्जाऊ रक्कम त्या कायद्यात बसेना. मग रिझर्व्ह बँकेचा कायदा दुरुस्त झाला. १९८४ पासून अशा पेढ्यांच्या ठेवीदारांच्या संख्येवर मर्यादा आली.

वडिलांच्या पावत्या १९८९ च्या आहेत.