दशावताराची पाने आणि ब्रिजची बोली

पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकात बराच काळ सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. पेडणे पोर्तुगिजांकडे गेले ते 1788 मध्ये. याच सावंतवाडीने दशावतारी गंजिफा जपली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकी बारा, एकूण 120 गोल पाने. तिघांत चाळीस-चाळीस वाटायची. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाच्या राजाची. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, उरलेल्यांत एक्का. सारा भार स्मरणशक्तीवर. भिडू नाही, हुकूम नाही, बोलीही नाही.

ब्रिजने नेमकी बोलीच खेळाच्या केंद्रस्थानी आणली. 1910च्या दशकात अमेरिकेत ‘टेकआउट डबल’ रूढ झाला आणि प्रतिस्पर्ध्याला दंड करणारा डबल भिडूला विचारलेला प्रश्न बनला: तुझा लांब रंग कोणता? डावीकडचा ‘एक बदाम’ म्हणतो, भिडू डबल देतो, उजवीकडचा ‘दोन बदाम’वर चढतो. आता गप्प बसण्याची मुभा आहे. पण हातात चार इस्पिक आणि आठ गुण असतील तर ‘दोन इस्पिक’ म्हणायलाच हवे.

शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकात गंजिफाची कला सावरली. पाने आजही रंगवली जातात, पण बहुतेक शोभेसाठीच. तिघे जमले की एकदा ती वाटून पाहावीत.