पिस्तुलाच्या नंबरवरून त्याचं वय कळतं का?

भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात माळ्यावर पिस्तूल सापडलं, तर पहिला प्रश्न हाच असतो. वय कळतं, पण नुसत्या नंबरवरून नाही. कोणत्या वर्षी कोणते नंबर टाकले, ही कंपनीची नोंदही लागते.

महात्मा गांधींच्या हत्येत वापरलेलं पिस्तूल इटलीच्या बेरेटा कंपनीचं होतं. मॉडेल १९३४, खटल्यातल्या नोंदीनुसार नंबर ६०६८२४. गल्लत होते ती इथे. १९३४ हे मॉडेलचं वर्ष, प्रत्येक पिस्तुलाच्या बनावटीचं नव्हे. हे मॉडेल पुढे अनेक वर्षं बनत राहिलं.

त्या काळातल्या बेरेटांवर वर्ष दोनदा कोरलेलं दिसतं: इसवी सन आणि शेजारी रोमन आकड्यांत मुसोलिनीच्या राजवटीचं वर्ष. ही गणना ऑक्टोबर १९२२ पासूनची, त्यामुळे १९३७ च्या शेजारी बहुधा रोमन पंधरा असतो.

नंबर पुसट आहे म्हणून घासायला मात्र जाऊ नका. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ८ नुसार नंबर पुसायला मनाई आहे. पुसलेल्या नंबरचं पिस्तूल ज्याच्याकडे सापडतं, त्यानेच तो पुसला असं गृहीत धरतात, आणि तसं नसल्याचं त्यालाच सिद्ध करावं लागतं. फोटो व्हायरल करण्याआधी पोलीस ठाण्याला कळवा. आजोबांचं असलं तरी परवाना लागतोच.