अंगणात आलेली शाळा

इंदूर-बैतूल रस्त्यावरील खातेगांव हे पूर्वीच्या होळकर संस्थानातले, नर्मदाकाठच्या नेमावरला जवळचे असे गाव. आज ते मध्य प्रदेशच्या देवास जिल्ह्यात मोडते. तेथील तीन वर्षांचे मूल घराचा उंबरठा ओलांडून जेथे प्रथम बसते, त्या जागेलाही अंगणवाडी असेच म्हणतात. देशभर सरकारी झालेल्या या शब्दाचे आणि त्यामागील कल्पनेचे श्रेय ताराबाई मोडक यांना दिले जाते.

भावनगरला १९२० साली गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. गिजुभाई मूळचे वकील. मादाम मॉन्टेसरींच्या विचाराने त्यांना बालशिक्षणाकडे ओढले. १९२३ मध्ये ताराबाई त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. शिकविण्यापूर्वी शिक्षिकेने मूल पाहावयास शिकावे, हा या विचाराचा पाया होता. मूल काय हाती घेते, कोठे रमते, कशाला भिते, हे न्याहाळणे हीच तिची पहिली विद्या.

१९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. परंतु शहरातील पांढरपेशा मुलांपुरते हे शिक्षण राहावे, हे ताराबाईंना रुचेना. १९४५ साली त्या बोर्डीस गेल्या. बालवैधव्य सोसून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. तेव्हा बिया, शंखशिंपले, खडे आणि माती हीच साधने झाली.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येईनात. म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. येथे बालसेविकेला निराळेच धडे गिरवावे लागले. मुलाला न्हाऊ घालावे, त्याचे केस विंचरावेत, त्याची बोली आपण शिकावी आणि मगच त्याला अक्षर दाखवावे.

ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पसरली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांची जोड तिला मिळाली, हे मोठेच काम झाले. तथापि सेविकेच्या हाती नोंदवह्या वाढल्या, आणि मुलाला न्याहाळण्याचा वेळ आटला. तिच्या कष्टाच्या मोबदल्यासही वेतन न म्हणता मानधन म्हणतात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पाया मानला. पाया बांधणाऱ्या हातांना मात्र तयारीसाठी सवड आणि प्रतिष्ठा हवी. कोसबाडचा शब्द खातेगांवापर्यंत पोचला. त्या शब्दामागची साधनाही पोचली, तरच अंगणातील मुलाचे भले होईल.