साडेतीन मीटर

आमच्या अहेरीला आजही रेल्वे नाही. गाडी पकडायची तर आधी बल्लारशाह गाठा! त्यामुळे ‘रुळांमुळे जुन्या शहराचं रूप बिघडतं’ ही तक्रार मुंबईत पहिल्यांदा ऐकली तेव्हा हसूच आलं. मग वाचत गेलो आणि मत बदललं.

मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची. वीज आली म्हणजे खांब आले, डोक्यावर तारा आल्या. १९६४ मध्ये ट्राम बंद झाली.

तारांवर फ्रान्समधल्या बोर्दो शहराने २००३ साली झकास उपाय काढला. जुन्या वस्तीत ताराच नाहीत! दोन रुळांच्या मधे तिसरा रूळ, तोही तुकड्यातुकड्यांचा. ट्राम ज्या तुकड्यावर असेल तेवढ्यातच वीज.

मुंबईने मेट्रो-३ सरळ जमिनीखाली नेली. दिसणारच नाही, मग प्रश्न मिटला ना? छे! २०१७ मध्ये काम चालू असताना फोर्टमधल्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या इमारतीवरचा शोभेचा दगड निखळून पडला. प्रकरण हायकोर्टात गेलं. पारशी मंडळीही कोर्टात गेली. त्यांच्या वाडियाजी आतशबेहरामच्या खालून बोगदा जाऊ नये म्हणून मार्ग साडेतीन मीटर सरकवला गेला.

म्हणजे नुसतं लपवून भागत नाही, आधी विचारावं लागतं.

उद्या अहेरीला रेल्वे आलीच तर पेढे मीच वाटीन. पण नकाशावर रेघ मारण्याआधी गावात येऊन विचारा, इथे जुनं काय काय उभं आहे. नकाशावर साडेतीन मीटर दिसतसुद्धा नाहीत हो.