घोडे, कर्ज आणि 'चिन्ह बदला'

मानपाड्याला आमच्या सोसायटीतली मुलं अधूनमधून गणित घेऊन माझ्याकडे येतात. समीकरण सोडवताना सगळ्यांच्या तोंडी एकच मंत्र, 'बाजू बदलली की चिन्ह बदलायचं.' का बदलायचं, ते कुणालाच सांगता येत नाही. मग मी त्यांना भास्कराचार्यांच्या घोड्यांचं गणित घालतो.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यातल्या 'बीजगणित' भागातलं हे उदाहरण. एकाकडे ६ घोडे आणि ३०० नाणी. दुसऱ्याकडे १० घोडे, पण डोक्यावर १०० नाण्यांचं कर्ज. दोघांची मालमत्ता सारखीच. मग एका घोड्याची किंमत किती?

तेव्हा 'क्ष' नव्हता. अज्ञात राशीला ते 'यावत्तावत्' म्हणत आणि नुसतं 'या' लिहीत. वरच्या ओळीत या ६ रू ३००, खालच्या ओळीत या १० रू १००. कर्जाची खूण म्हणून त्या १०० वर एक टिंब.

आता दोघांकडचे ६-६ घोडे बाजूला काढा. बरोबरी मोडत नाही. उरलं काय?

३०० = ४ घोडे − १००

दोघांनाही १०० द्या. दुसऱ्याचं कर्ज फिटलं.

४०० = ४ घोडे

घोडा १०० चा! पडताळा घ्या, दोघांचे ९००-९००.

म्हणजे चिन्ह जादूने बदललं नाही, कर्ज फिटलं. 'ऋण संख्या' म्हणताना आपण आजही कर्जच म्हणत असतो, फक्त लक्षात येत नाही.

चाळीसगावजवळच्या पाटण गावी १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा. तिथेही एखाद्या पोराने 'असं का?' विचारलंच असेल.

म्हणून मुलांना सांगतो, पायऱ्या गाळू नका. मार्कांसाठी नव्हे. पायरी लिहिलेली असली, तरच तिला 'का' विचारता येतं.