प्रश्नांवाचून जबाब

सॅम बार्लो या इंग्रज लेखक-दिग्दर्शकाचा ‘हर स्टोरी’ हा संगणकीय खेळ २४ जून २०१५ रोजी प्रकाशित झाला. खेळ म्हणावे तर त्यात धावणे नाही, नेमबाजी नाही, गुणांची बेरीज नाही आणि रूढ अर्थाने हारजीतही नाही. पडद्यावर १९९०च्या दशकातला वाटावा असा एक जुनाट संगणक दिसतो. त्यावर पोलिसांच्या दप्तरातली शोधाची खिडकी उघडी असते, आणि तिच्यात ‘मर्डर’ हा शब्द कोणीतरी आधीच टंकून ठेवलेला असतो. आपण कळ दाबतो आणि एका तरुणीच्या जबाबाचे चित्रफितींतले तुकडे समोर येतात. पुढचे सारे काम एवढेच: तिचे बोलणे ऐकायचे, त्यातला एखादा शब्द उचलायचा, तो टंकायचा आणि नव्या तुकड्यांकडे जायचे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या खेळाकडे वळून पाहावे असे आम्हांला वाटते, ते त्यातल्या रहस्यासाठी नव्हे. रहस्यकथा म्हणून त्याचे कथानक बऱ्यापैकी जुन्या वळणाचे आहे. आमचे कुतूहल वेगळ्या गोष्टीविषयी आहे. इथे वाचन ही क्रिया पूर्णपणे शब्दशोधावर उभी आहे, आणि शब्दशोधाने वाचण्याला एक दीर्घ इतिहास आहे. हा खेळ त्या इतिहासात नेमका कुठे बसतो, हे तपासणे आम्हांला महत्त्वाचे वाटते. (ज्यांना तो अजून खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबलेले बरे, कारण रहस्याला हात लावल्यावाचून पुढचे विवेचन करता येणार नाही.)

प्रथम रचना पाहू. हॅना स्मिथ या स्त्रीचा नवरा सायमन बेपत्ता झाला आहे. १९९४च्या जून-जुलैत पोलीस तिला सात वेळा बोलावून घेतात. या सात जबाबांचे २७१ तुकडे केलेले आहेत. काही दोन-चार सेकंदांचे, काही एखाद्या मिनिटाचे. प्रत्येक तुकड्यातले तिचे बोलणे लिहून काढलेले आहे आणि शोध त्या लिखित शब्दांतच चालतो. एखादा शब्द कितीही तुकड्यांत असो, पाहता येतात ते कालक्रमाने पहिले पाचच. आणि सर्वांत विलक्षण बाब म्हणजे या सगळ्या चित्रफितींत पोलिसांचा आवाज नाही. प्रश्न नाहीत, फक्त उत्तरे आहेत.

समोरची बाई “नाही” म्हणते, क्षणभर थांबते आणि नजर वळवते. कशाला “नाही”? ते आपल्याला माहीत नसते. प्रश्न आपणच मनात रचायचा, आणि पुढच्या एखाद्या तुकड्याने तो खोटा ठरवायचा. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये प्रश्नांचा गदारोळ आहे आणि बेणारे बाई बराच काळ गप्प आहेत. इथे त्याच्या अगदी उलट मांडणी आहे. त्या नाटकात प्रश्न विचारणाऱ्यांचे चेहरे आपल्याला दिसतात, म्हणून त्यांचा राग येऊ शकतो. इथे विचारणारा दिसतच नाही, आणि हळूहळू त्याच्या रिकाम्या खुर्चीत आपण जाऊन बसतो.

आता इतिहासाकडे वळू. एखाद्या ग्रंथातला शब्द धरून त्याची सारी स्थळे एकत्र पाहायची, ही कल्पना संगणकाच्या फार आधीची आहे. तेराव्या शतकात, १२३०च्या सुमारास, पॅरिसच्या सेंट जॅक मठात ह्यू ऑफ सेंट-शेर याच्या देखरेखीखाली डोमिनिकन साधूंनी लॅटिन बायबलची शब्दसूची तयार केली. प्रवचनकाराला एखादा शब्द घेऊन ग्रंथभर हिंडता यावे, हा तिचा हेतू होता. म्हणजे आरंभापासून अंतापर्यंत वाचण्याला एक पर्याय निर्माण झाला: ग्रंथ आडवा छेदून वाचणे. विसाव्या शतकात रॉबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट धर्मगुरूने थॉमस अक्वायनसच्या लेखनाची अशीच सूची करायचे मनात घेतले आणि १९४९ साली आयबीएम कंपनीची मदत मिळवली. छिद्रपत्रांवर सुरू झालेले हे काम कित्येक दशके चालले. संगणकाच्या साह्याने होणाऱ्या साहित्याभ्यासाचा उगम बहुतेक जण तिथेच मानतात.

या दोन्ही प्रकल्पांमागे एक गृहीतक होते. ग्रंथ प्रमाण आहे. त्यातला प्रत्येक शब्द विचारपूर्वक आलेला आहे. म्हणून एकाच शब्दाची स्थळे शेजारी ठेवली की अर्थ उजळतो. बार्लोने ते साधन जसेच्या तसे उचलले, पण ते लावले खोटे बोलणाऱ्या माणसाच्या बोलण्याला. एकच शब्द दोन तुकड्यांत दोन परस्परविरोधी गोष्टी सांगतो तेव्हा अर्थ उजळत नाही, फाटतो. आमच्या मते या खेळाचे खरे नावीन्य चित्रफितींत नाही. ते या फाटण्यात आहे.

दुसरा धागा रहस्यकथेचा. विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’मध्ये (१८६८) श्रीरंगपट्टणच्या १७९९च्या लुटीतून इंग्लंडात गेलेल्या हिऱ्याची कथा अनेक साक्षीदार आळीपाळीने सांगतात; ज्याने जे पाहिले तेवढेच त्याने लिहावे, असा नियम आहे. पण त्या साक्षी कोणत्या क्रमाने वाचायच्या हे कादंबरीकार ठरवतो. १९३६ साली डेनिस व्हीटली याने जे. जी. लिंक्स यांच्या सहकार्याने ‘मर्डर ऑफ मायामी’ नावाचे एक चमत्कारिक पुस्तक काढले. ते पुस्तक नव्हतेच. ती फाइल होती. तारा, हस्तलिखित पत्रे, छायाचित्रे, खरेखुरे पुरावे त्यात बांधलेले, आणि उकल शेवटी मोहोरबंद. वाचक पहिल्यांदाच कागद चाळणारा तपासनीस झाला. तरी फाइलीलाही पहिले पान असतेच.

संगणकावर ही परंपरा आली ती अमेरिकेतील इन्फोकॉम कंपनीच्या ‘डेडलाइन’मधून (१९८२). मार्क ब्लँक याने लिहिलेल्या या खेळात चित्रे नव्हती, सारे शब्दांतच. पेटीत मात्र प्रयोगशाळेचा अहवाल, जबाबांच्या नकला आणि गोळ्यांची पुडीसुद्धा मिळे. खेळणाऱ्याने वाक्य टंकायचे, यंत्राने ते समजून घ्यायचे. इथेच एक जुने दुखणे सुरू झाले: यंत्राला नेमका कोणता शब्द कळेल हे ओळखण्यातच वेळ जाई. जपानमध्ये १९८३ साली युजी होरी याने ‘पोर्टोपिया’ हा खून-तपासाचा खेळ केला. मूळ आवृत्तीत आज्ञा टंकाव्या लागत. १९८५ साली तोच खेळ घरगुती खेळयंत्रावर आला तेव्हा टंकणे गेले आणि तयार आज्ञांची यादी आली. सोय झाली यात शंका नाही. पण त्याबरोबर आणखी काही गेले. यादीतून निवडणाऱ्याला काय काय विचारता येईल हे आधीच दिसते, त्यामुळे प्रश्न त्याचा उरत नाही.

मग चित्रफितींचे युग आले. ‘ड्रॅगन्स लेअर’ (१९८३) मध्ये लेझर तबकडीवरची व्यंगचित्रे होती. सीडीरॉम आल्यावर ‘द सेव्हन्थ गेस्ट’ (१९९३) सारख्या खेळांत चित्रित केलेली माणसे वावरू लागली. ‘नाइट ट्रॅप’चे चित्रीकरण १९८७चे, प्रकाशन १९९२चे. एका घरातल्या तरुणींवर खेळाडूने टेहळणीच्या कॅमेऱ्यांतून नजर ठेवायची, ही त्यातली कल्पना. १९९३च्या डिसेंबरात अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत त्यावर कडाडून टीका झाली. खेळ निकृष्ट होता, टीकाही बरीचशी ऐकीव होती. तरी स्त्रीकडे यंत्राआडून पाहण्याचा जो अस्वस्थ करणारा मुद्दा त्यातून वर आला, तो बावीस वर्षांनी ‘हर स्टोरी’त परततो. दरम्यान चित्रफितींचे खेळ मागे पडले. अभिनय हास्यास्पद होता हे एक कारण. दुसरे, मोठे कारण असे की चित्रित दृश्य बदलता येत नाही. खेळाडूने काहीही केले तरी नट तेच बोलणार.

बार्लोने हा दोष झाकला नाही. त्याच्यावरच रचना उभारली. भूतकाळातला जबाब बदलता येत नाही, आणि तो बदलावा अशी अपेक्षाही कोणी करत नाही. दप्तरात पडलेली फीत जशी आहे तशीच राहणार. बदलते ती आपली वाचनाची वाट. हा विचार त्याला एका रात्रीत सुचला नसावा. १९९९ साली त्याने ‘आइल’ नावाचा छोटा शब्दखेळ केला होता: दुकानात उभा असलेला एक माणूस, आणि खेळाडूला टंकता येणारी एकच आज्ञा. तिच्यानुसार त्या माणसाचा भूतकाळ वेगवेगळा उलगडतो. पुढे पोर्ट्समथच्या एका कंपनीत त्याने ‘सायलेंट हिल’ मालिकेतल्या खेळांवर काम केले, आणि नंतर स्वतंत्र होऊन हा खेळ केला. विवा सायफर्ट ही मुळात संगीतकार. जवळजवळ संपूर्ण खेळ ती एकटी पेलते. चित्रण काळाशी जुळावे म्हणून ते व्हीएचएस यंत्रांतून फिरवून मुद्दाम खराब केले आहे.

त्या पाचाच्या मर्यादेविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण टीकाकारांनी तिच्याकडे बहुधा तांत्रिक क्लृप्ती म्हणून पाहिले. ‘सायमन’ हे नाव टंका. ते तिच्या तोंडी वारंवार येते. पण दिसतात फक्त पहिले पाच तुकडे, म्हणजे अगदी सुरुवातीच्या जबाबांतले, जेव्हा ती सावध आहे आणि ठरवून बोलते आहे. शेवटच्या जबाबापर्यंत पोचायचे तर असा शब्द हवा जो तिने आधी फारसा वापरलेला नाही. म्हणजे नेहमीचे शब्द तिचे गुपित राखतात आणि विरळ शब्द ते फोडतात. शैलीच्या अभ्यासात शब्दांची वारंवारता मोजणाऱ्यांना यातली गंमत लगेच कळेल. पण यातून आणखी एक गोष्ट उघड होते. या खेळाविषयी एक मत असे मांडले जाते की इथे लेखकाने क्रम सोडून दिला आहे आणि कथा वाचकाच्या हाती दिली आहे. आम्हांला हे मान्य नाही. कोणता शब्द किती वेळा आणि कोणत्या जबाबात येऊ द्यायचा, हे लेखकाने ठरवलेले आहे. कादंबरीकार प्रकरणांचा क्रम लावतो; बार्लो शब्दांची विरळता लावतो. लेखक गेलेला नाही. तो आता शोधयंत्रात राहायला गेला आहे, आणि तिथे तो सहज दिसत नाही.

ज्या काळात आपण सर्व जण शोधाच्या चौकटीतून वाचतो, त्या काळात ही गोष्ट खेळापुरती राहत नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण संगणकावर उपलब्ध ग्रंथात एक शब्द शोधून सापडलेली पाच-दहा स्थळे निबंधात उतरवतात. ती पहिली पाच स्थळे कोणी आणि कशाच्या आधारे पुढे केली, हे विचारण्याची सवय त्यांना लागलेली नाही. खरे सांगायचे तर शिक्षकांनाही नाही.

आता रहस्याविषयी. जबाबांतून दोन शक्यता निघतात. एक अशी की हॅनाला ईव्ह नावाची जुळी बहीण आहे. जन्मतःच सुईणीने ती दडवून ठेवली, आणि पुढे दोघींनी मिळून एकच आयुष्य वाटून घेतले. दुसरी अशी की बहीण नाहीच. एकाच स्त्रीचे मन दुभंगले आहे. सायमन काच बसवणारा कारागीर. त्याचा मृत्यू आरशाच्या तुकड्याने होतो. मध्येच ती गिटार घेऊन ‘द ट्वा सिस्टर्स’ हे दोन बहिणींच्या मत्सराचे जुने लोकगीत गाते. आरसे आणि प्रतिबिंबे सर्वत्र आहेत, आमच्या चवीला जरा जास्तच. हॅना आणि ईव्ह ही दोन्ही नावे रोमन लिपीत उलटीसुलटी सारखीच वाचली जातात. देवनागरीत लिहिताना मात्र हा सुगावा नाहीसा होतो. दोन्ही शक्यतांना पुरावे आहेत, आणि खेळ निवाडा करत नाही.

पण तो एक दुसरी गोष्ट उघड करतो. पडद्यावरचा दिवा अधूनमधून लुकलुकतो तेव्हा काचेत एका स्त्रीचा चेहरा क्षणभर उमटतो. शोधणारे आपण कोणी तटस्थ पोलीस नाही. आपण सारा आहोत, त्या स्त्रीची मुलगी. पुरेसे तुकडे पाहून झाल्यावर संवादाची एक छोटी खिडकी उघडते, आणि आईने जे केले ते का केले हे समजले का, असे तिला विचारले जाते. संपूर्ण खेळात आपल्याला ऐकू न आलेला प्रश्न प्रथमच येतो, आणि तो आईला नसून मुलीला असतो. गुन्हेगार कोण, हा मुद्दा कुठल्या कुठे जातो. मुलीने आईला शब्दाशब्दाने शोधले, तिचे खोटे पकडले, आणि तरीही तिला आईला एकही प्रश्न प्रत्यक्ष विचारता आला नाही. आम्हांला हा शेवट खेळातल्या साऱ्या आरशांपेक्षा मोलाचा वाटतो.

खेळाला २०१६ साली स्वतंत्र खेळांच्या महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार आणि तीन ‘बाफ्टा’ मिळाले. हा खेळच नव्हे, असा वाद काही दिवस चालला. तो फार फलदायी नव्हता. बार्लोचे पुढचे काम त्याहून बोलके आहे. ‘टेलिंग लाइज’ (२०१९) मध्ये चार माणसांचे चोरून टिपलेले व्हिडिओ-संवाद आहेत, आणि प्रत्येक संवादाची एक बाजूच एका वेळी ऐकू येते; दुसरी बाजू निराळ्या शब्दांनी हुडकावी लागते. तिथे गैरहजर प्रश्न सापडू शकतो, आणि त्यामुळेच कदाचित तो खेळ ‘हर स्टोरी’इतका जिव्हारी लागत नाही. ‘इमॉर्टॅलिटी’ (२०२२) मध्ये टंकणेच नाही. एका नाहीशा झालेल्या नटीच्या तीन अप्रदर्शित चित्रपटांचे तुकडे समोर असतात. दृश्यातल्या चेहऱ्यावर, फुलावर, सफरचंदावर बोट ठेवायचे, की तशीच वस्तू असलेले दुसरे दृश्य उघडते. शब्दसूचीची जागा चित्रसूचीने घेतली. पण कोणत्या सफरचंदावरून कोणत्या सफरचंदाकडे जायचे हे यंत्र ठरवते, आणि खेळाडूजवळ स्वतःचा म्हणावा असा एकही शब्द उरत नाही.